ऊन नव्हतं, मग मान भाजली कशी?

पत्र: आमच्या नऊ वर्षांच्या मुलाचे गेल्या रविवारी फुटबॉलचे सामने होते. सकाळी दहा ते दुपारी तीन आम्ही मैदानावरच होतो. आभाळ दिवसभर ढगाळ. मधूनच निळं दिसायचं, सूर्य डोकावायचा, पुन्हा झाकोळायचं. वारा होता, घामसुद्धा धड येत नव्हता. सनस्क्रीन पिशवीत होतं, पण ‘आज कुठे ऊन आहे’ म्हणून बाहेर काढलंच नाही. संध्याकाळी अंगावर पाणी पडताच तो ओरडला. मान, कानांच्या कडा आणि दंड लालबुंद. दंडावरची लाली बाहीच्या रेषेपाशी सुरीने कापल्यासारखी थांबते. सासूबाई म्हणतात, ऊनच नव्हतं तर भाजेल कसं, नव्या साबणाची ॲलर्जी असेल. फोनवर त्या दिवशी यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या कातडी भाजणाऱ्या किरणांचा जोर सांगणारा आकडा, 8 दाखवत होता. ढग बघून मी तो चुकीचा धरला. एक मैत्रीण तर म्हणते की ढग असले की यूव्ही उलट वाढतं. खरं काय मानायचं? येत्या रविवारी पुन्हा सामने आहेत, त्याला पाठवू की नको? मला स्वतःचाच फार राग येतोय.
– एक आई

उत्तर:

प्रिय ताई,

आधी त्याच्या मानेचं बघू, मग ढगांकडे वळू. तुमच्या पत्रातली बाहीच्या रेषेची ओळ मी दोनदा वाचली, कारण उत्तर तिथेच आहे. साबण बाहीपाशी थांबत नाही. साबणाची ॲलर्जी असती तर ती पोटावर, पाठीवर, काखेत, जिथे फेस लागला तिथे उठली असती, आणि बहुधा खाजली असती. इथे लाल झालेत ते मान, कानांच्या कडा आणि दंडाची बाहेरची बाजू, म्हणजे मैदानावर धावणाऱ्या मुलावर वरून जे येतं ते थेट पडतं त्या जागा. त्याच्या हनुवटीखाली बघा. तिथली कातडी नेहमीसारखी असेल. तो उन्हाने भाजलाय.

भाजलेल्या जागी गार पाण्याच्या ओल्या कापडाची घडी ठेवा, बर्फ थेट लावू नका. पाणी भरपूर प्यायला द्या, सैल सुती कपडे घाला. कातडी सुटायला लागली तर ओढू नका, फोड आले तर फोडू नका. फोड मोठे असतील, ताप, थंडी वाजणं किंवा उलट्या असतील, तर डॉक्टरांना दाखवा. तो कुठलं औषध नियमित घेत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांनी कातडी उन्हाला जास्त हळवी होते.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते उडवून लावू नका, कारण त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे: त्या दिवशी चटका नव्हता. आपण सगळेच ऊन कातडीवरच्या उबेने मोजतो. गाडं अडतं ते पुढच्या पायरीवर. चटका देणारे किरण आणि कातडी भाजणारे किरण एक नव्हेत, आणि ढग या दोघांना सारखं वागवत नाही.

हे समजायला सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या दोन प्रयोगांइतकं चांगलं काही मला सापडलेलं नाही. 1800 साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचा रंगीत पट्टा पाडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवत गेला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या येना इथे योहान विल्हेल्म रिटरने तसाच पट्टा पाडला, पण थर्मामीटरऐवजी सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद धरला. उजेडाने तो कागद काळा पडतो. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, तिथेही डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तो सगळ्यात भराभर काळा पडला. ऊब पट्ट्याच्या एका टोकाबाहेर आणि कागद काळा करणारी शक्ती दुसऱ्या टोकाबाहेर! पहिले ते अवरक्त किरण, दुसरे अतिनील, ज्यांना आपण यूव्ही म्हणतो. आपल्या कातडीत जणू हर्शेलचा थर्मामीटर बसवलेला आहे, रिटरचा कागद नाही. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनीलाचा वाटा जेमतेम पाच टक्के, त्यामुळे त्याची ऊब जाणवत नाही. त्याने पेशींना जी इजा होते तिची लालीही लगेच दिसत नाही. ती उमटायला तीन ते पाच तास लागतात आणि बारा ते चोवीस तासांत ती सगळ्यात जास्त दिसते. म्हणून तुमचा मुलगा मैदानावर ओरडला नाही, घरी अंघोळीला ओरडला.

या वेळेच्या अंतरामुळेच मला तुमचं स्वतःवर रागावणं पटत नाही. दुपारी एक वाजता त्याची मान निरखून बघितली असतीत तरी फारसं काही दिसलं नसतं. इशारा मिळालाच नाही, तर तो चुकवला असं कसं म्हणायचं?

ढग नेमकं करतो काय? ढग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, खूप उंचावरच्या ढगात बर्फाचे कण. हे थेंब अतिनील किरण जवळपास शोषत नाहीतच. ते किरण इकडेतिकडे उधळतात. काही वर परत जातात, काही वाकडेतिकडे होत खाली येतात. अवरक्त किरणांचा मात्र बराच भाग पाणी आणि बाष्प शोषून घेतं. शिवाय सूर्य झाकला की थेट तिरीप तुटते, आणि तुमच्याकडे होता तसा वारा असला तर उरलीसुरली ऊबही तो घेऊन जातो. त्यामुळे ढगाखाली गारवा लगेच जाणवतो, अतिनील मात्र त्या मानाने फारसं घटलेलं नसतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते ढगांच्याही आधीचं आहे. अतिनील फक्त सूर्याकडून येत नाही, सगळ्या आभाळाकडून येतं. आभाळ निळं का दिसतं हे शाळेत शिकलेलं आठवतंय का? हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात, आणि हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने बदलतं. 650 नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा 310 नॅनोमीटरचे अतिनील किरण हवेत सुमारे एकोणीस पट जास्त विखुरतात. म्हणून अगदी निरभ्र दिवशीसुद्धा, सूर्य डोक्यावर असताना, भाजणाऱ्या किरणांपैकी जवळजवळ निम्मे सूर्याच्या दिशेने न येता चहूबाजूंच्या निळाईतून येतात. आता एक पांढरा ढग सूर्याच्या आड येऊ द्या. डोळ्यांना दिसणारा बहुतेक उजेड सरळ सूर्याकडूनच येत होता, तो एकदम उतरतो. आपण म्हणतो, ‘गेलं ऊन.’ अतिनीलाचा मात्र फक्त सरळ येणारा वाटा अडलेला असतो, आणि त्यातलाही काही ढगातून झिरपतच असतो. बाकीचं निळं आभाळ आपलं काम करतच राहतं. तुमच्या रविवारी मधूनमधून निळं दिसत होतं, असं तुम्हीच लिहिलंय.

डोळेही इथे उपयोगाचे नाहीत. भर उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, घरात संध्याकाळी दिव्याखाली दोनतीनशे, आणि आपल्याला दोन्हीकडे नीट वाचता येतं. इतकं जुळवून घेणारा डोळा मोजमापाला काय कामाचा? उलट मळभ आलं की आपण डोळे किलकिले करत नाही, बाहुल्या रुंदावतात, गॉगल काढून ठेवतो, आणि डोळ्यांत जास्त अतिनील शिरायला वाट मिळते.

किती अडतं याचे ढोबळ आकडे आहेत. अमेरिकेतली हवामान सेवा यूव्ही इंडेक्सचा अंदाज काढताना ते वापरते: आभाळ निरभ्र असेल तर पूर्ण 100 टक्के, ढग विखुरलेले असतील तर 89, बरंच आभाळ ढगांनी व्यापलं असूनही मधे फटी असतील तर 73, आणि पूर्ण झाकलं असेल तर 31 टक्के. तुमचा रविवार मी 73 मध्ये धरते. 8 च्या 73 टक्के म्हणजे जवळजवळ 6, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर 6 आणि 7 ‘जास्त’ या पायरीत येतात. 3 पासून पुढे कातडी जपायला सांगतात.

6 हा आकडा मान भाजायला पुरतो का? पुरतो. इंडेक्सचा एक अंक म्हणजे दर चौरस मीटरला 25 मिलिवॅट भाजणारं अतिनील. 6 हा अंक तासभर टिकला तर 540 ज्यूल होतात. अगदी गोऱ्या कातडीला लाल व्हायला 200 च्या आसपास ज्यूल पुरतात. गव्हाळ आणि सावळ्या कातडीला त्याच्या दुप्पट, तिप्पट किंवा आणखी जास्त लागतात. तुमच्या मुलाचा रंग तुम्ही लिहिला नाहीत, पण त्याने फरक पडतो तो किती वेळात भाजेल यात. आणि तो पाच तास मैदानावर होता. सावळी माणसं भाजतच नाहीत हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. डोळ्यांना तर रंगाचं हे संरक्षण मिळतच नाही.

फोनवरचा 8 बहुधा खोटा नव्हता, तुम्ही तो वेगळ्या अर्थाने वाचलात इतकंच. काही ठिकाणी दाखवलेला इंडेक्स निरभ्र आभाळाचा असतो, काही ठिकाणी ढग हिशोबात धरून काढलेला. आपल्या ॲपमध्ये कुठला आहे ते त्याच्या माहितीच्या पानावर एकदा बघून ठेवा. निरभ्र आभाळाचा असेल तर वरच्या टक्क्यांनी तोंडी गुणाकार करता येतो. ढग आधीच धरलेले असतील तर पुन्हा कापू नका. आणि दिवसाचा एकच आकडा दाखवत असेल तर तो बहुतेक वेळा दुपारच्या शिखराचा असतो, सकाळी आठचा नव्हे.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणंही पूर्ण चूक नाही, फक्त सरसकट खरं नाही. ढग पांढरेशुभ्र, कापसाच्या ढिगांसारखे असतील, सूर्य त्यांच्या मधल्या फटीतून थेट दिसत असेल आणि ढगांच्या उजळ बाजू त्याच्याभोवती उभ्या असतील, तर थेट येणारे किरण पूर्ण मिळतातच, वर ढगांच्या कडांवरून परतलेलेही मिळतात. अशा वेळी काही मिनिटं अतिनील निरभ्र दिवसापेक्षाही वाढतं. वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढल्याचं मोजलं गेलंय. पावसाची सर येऊन गेल्यावर, हवेतली धूळ धुऊन निघालेली, आभाळ उघडतंय आणि चारी बाजूंना पांढरे मनोरे, हे दृश्य मला फार आवडतं, आणि नेमकं तेव्हाच मी टोपी विसरत नाही. पण पुढच्याच ढगाआड सूर्य गेला की अतिनील खाली येतं. सगळा दिवस मिळून हिशोब केला तर ढग ते घटवतातच.

ढग आणि ढग यातही फार फरक आहे. पिंजलेल्या रेशमासारखे उंचावरचे पातळ ढग, ज्यांतून सूर्याची चकती दिसते, सावली पडते, कधी सूर्याभोवती खळंही दिसतं, ते अतिनील जवळजवळ अडवत नाहीत. त्याच्या उलट, दिवसा दिवे लावायला लागतील असा काळाभोर, गडगडणारा ढग डोक्यावर असेल तर अतिनील फारच थोडं उरतं. तिथे भीती विजेची, भाजण्याची नव्हे. फसगत होते ती या दोहोंच्या मधल्या, फिकट करड्या, उजळ मळभाने. इंडेक्स मुळात 11 असेल तर पूर्ण झाकलेल्या आभाळाखालीही 31 टक्क्यांच्या हिशोबाने तीनच्या वर उरतो.

आभाळाकडे बघताना मी सगळ्यात आधी सूर्य किती उंच आहे ते बघते, ढग नंतर. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य 45 अंशांच्या वर आहे आणि अतिनील जोरात आहे. मळभात सावलीच दिसत नाही, तेव्हा त्याच वेळेला आदल्या दिवशी उन्हात ती केवढी होती ते आठवायचं. उंच सूर्य आणि पातळ ढग असेल तर जपायचं. उतरता सूर्य आणि जाड ढग असेल तर निवांत राहायचं. तुमचे सामने दहा ते तीन होते, म्हणजे दिवसातल्या अतिनीलाचा मोठा भाग ज्या वेळात येतो तीच वेळ.

माझ्या टेबलाच्या खणात दोऱ्यात ओवलेले दहाबारा मणी आहेत. विज्ञानाच्या खेळण्यांत मिळतात, अतिनील लागलं की रंग बदलतात. घरात ते साबुदाण्यासारखे पांढरट दिसतात. एकदा पूर्ण मळभ असताना मी ते तळहातावर घेऊन दारात उभी राहिले. सूर्य कुठल्या बाजूला आहे तेही कळत नव्हतं. तळहाताला काहीही जाणवत नव्हतं, आणि वीस आकडे मोजेपर्यंत निम्मे मणी जांभळे, बाकीचे गुलाबी झाले. मूठ मिटून आत आले तर हळूहळू पुन्हा पांढरे. मण्यांच्या रंगावरून आकडा काढता येत नाही. ते थोड्या अतिनीलानेही रंगतात आणि थंडीत जास्त गडद होतात. तुमच्या घरी दोन बाजू पडल्यात ना? मग मुलाला आणि सासूबाईंना एकत्र घेऊन हे करून बघा. छत्रीखाली धरा, झाडाच्या सावलीत धरा, बंद खिडकीच्या काचेआडही धरा. काचेआड रंग फिका येईल; साधी काच भाजणारे बहुतेक किरण अडवते, पण लांब तरंगांचं अतिनील, म्हणजे यूव्हीए, बरंचसं आत सोडते.

सावलीतही मणी रंगतील, आणि याचा तुमच्या मैदानाशी संबंध आहे. खेळ नसताना मुलं जिथे बसतात तिथून आभाळ किती दिसतं ते बघा. कडेला एक छत्री उभी आहे पण चारी बाजूंना आभाळ मोकळं, तर ती सावली अर्धवट. भिंतीलगत किंवा दाट झाडाखाली, जिथून आभाळाचा लहानसा तुकडाच दिसतो, ती जागा चांगली.

येत्या रविवारचं विचाराल तर मान अजून लाल किंवा दुखरी असेल तर या वेळी त्याला विश्रांती द्या, हट्ट केला तरी. भाजलेल्या कातडीवर पुन्हा तेच नको. बरी झाली असेल तर खुशाल पाठवा; धावणं, खेळणं ढगांच्या भीतीने बंद करण्याजोगं यात काही नाही. कॉलरचा, लांब बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट द्या. सुती शर्ट घामाने भिजला की त्यातून जास्त अतिनील आत जातं, म्हणून एक कोरडा शर्ट पिशवीत ठेवा. सनस्क्रीन 30 एसपीएफ किंवा त्याहून वरचं, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ ओढा. चेहरा आणि मान यांना मिळून तेवढं लागतं, त्याहून कमी लावलं तर डबीवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. कानांच्या कडा आणि मानेची मागची बाजू सगळेच विसरतात, तिथे तुम्ही स्वतः हात फिरवा. दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसल्यावरही. दहा ते तीनमध्ये म्हणजे घरून एकदा आणि मैदानावर निदान दोनदा. फोनवर गजर लावून ठेवा आणि तो वाजला की आभाळाकडे न बघता डबी काढा.